परक्याच्या हाती कार्य

लग्न ठरल्यानंतर आमच्याकडे, म्हणजे लग्नाचे नियोजन करणाऱ्यांकडे, पहिल्या भेटीला येणारे कुटुंब बसल्या बसल्या फोन पुढे करते. त्या फोनमध्ये उदयपूरच्या तलावाकाठच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावरच्या लग्नांची छायाचित्रे जपून ठेवलेली असतात, आणि ‘असेच काहीतरी, पण आपल्या बजेटमध्ये’ हे वाक्य मुलीच्या वडिलांच्या तोंडून चहा येण्यापूर्वीच येते. मग मंडपाचा रंग, स्टेजची रुंदी, संगीताच्या रात्रीचे दिवे यांवर बोलणे सुरू होते. हे सर्व आम्ही करतो आणि त्याचे पैसेही घेतो. तरी पुण्यात इतकी वर्षे लग्ने पार पाडल्यावर माझे मत असे झाले आहे की सजावट हे आमचे निमित्त आहे. कुटुंब आमच्याकडून विकत घेते तो एक परका माणूस. त्याच्यावर दोन्ही घरांना मोकळेपणाने रागावता येते, त्याला कोणाचे जुने उपकार आठवावे लागत नाहीत, आणि कार्य उरकले की तो सामानाच्या टेंपोबरोबर निघून जातो.

पूर्वीच्या लोकांना नियोजन जमत नव्हते, असे आमच्या व्यवसायातली तरुण मुले कधीकधी बोलून जातात, तेव्हा मला हसू येते. घरच्या कार्यात कोठीघराची किल्ली एका ठरावीक मावशीच्या कमरेला असे आणि तिच्या परवानगीशिवाय तुपाचा डबा हलत नसे. पंगतीवर उभा राहणारा काका, जानवशाची सरबराई पाहणारा धाकटा भाऊ, आहेराची वही सांभाळणारी हिशेबी आत्या, गुरुजींना हवे ते सामान हवे त्या क्षणी पुढे करणारी आजी, अशी ती कामाची वाटणी न बोलता झालेली असे. आज मी ज्याला मिनिटामिनिटाचा तक्ता म्हणते आणि सोळा जणांच्या फोनवर पाठवते, तो त्या आजीच्या डोक्यात तयार असे. त्या व्यवस्थेत अडचण एकच होती. चूक झाली की ती घरातच राहायची. जानवशात सकाळचा चहा उशिरा पोहोचला, विहिणीच्या पंगतीत रांगोळी विसरली, व्याह्यांच्या काकांना नारळ द्यायचा राहिला, तर तो राग चहावर किंवा नारळावर न थांबता ज्याच्याकडे ते काम होते त्या माणसाला चिकटे आणि पुढे त्याच्या मुलांच्या लग्नापर्यंत पोहोचे. मराठी घरांत एकमेकांकडे जाणे-येणे बंद होण्याची कारणे मोजली, तर शेतीच्या बांधाखालोखाल लग्नातल्या मानपानाचाच क्रमांक लागेल, असा माझा समज आहे.

आता तो काका बंगळुरूला असतो, आत्या न्यू जर्सीला असते आणि धाकट्या भावाला चार दिवसांची रजा मिळते. फ्लॅटला अंगण नाही, त्यामुळे मुहूर्तमेढ गच्चीवर किंवा कुंडीत रोवली जाते. माणसे पांगली तरी अपेक्षा मात्र जिथल्या तिथे राहिल्या, आणि त्या दोहोंमध्ये जी फट पडली तिच्यात आमचा व्यवसाय उभा आहे.

परकेपणाचा पहिला उपयोग तारीख ठरवतानाच होतो. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास, तेव्हा लग्ने नाहीत. तुळशीचे लग्न लागले की आमचा हंगाम सुरू होतो. त्यात गुरू-शुक्राचे अस्त आणि अधिक महिना आड येतात. 2023 साली श्रावण अधिक होता आणि चातुर्मासच पाच महिन्यांचा झाला. 2026 साली ज्येष्ठ अधिक, म्हणजे मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचे, एरवी सुट्ट्यांमुळे गजबजलेले दिवस कोरे. अमेरिकेतल्या मराठी घरांना तर डिसेंबरच्या उत्तरार्धातच यायला जमते आणि नेमके तेव्हाच धनुर्मास लागलेला असतो, पुढे पौष. मुलाला ती तारीख हवी असते, आजीला ती नको असते, आणि दोघांच्या मध्ये बसलेल्या आईवडिलांना कोणाची बाजू घेतली असे दिसू द्यायचे नसते. अशा वेळी सोलापूरचे दाते पंचांग आजीसमोर मी उघडते, गुरुजींना मी फोन लावते, काढीव मुहूर्ताबद्दल मी विचारते, आणि त्या दिवशी हव्या त्या कार्यालयाची फक्त सकाळ शिल्लक आहे हेही मीच सांगते. आजी माझ्याकडे पाहून ‘तुम्हाला काय, तुमचे हॉल भरले पाहिजेत’ असे म्हणतात. ते वाक्य त्यांना सुनेला म्हणायचे असते. मी ते ऐकून घेते आणि तारीख ठरते.

मुहूर्ताच्या मिनिटाचे प्रकरण याहून नाजूक आहे. एक घटिका चोवीस मिनिटांची, आणि ती मोजण्यासाठी पूर्वी पाण्यावर तळाला छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र सोडत. ते भरून बुडाले की घटिका झाली. आता गुरुजी फोनवरचे घड्याळ पाहतात. साधन बदलले तरी पत्रिकेवर बारा वाजून सत्तावीस मिनिटे छापलेली असतात आणि बारा वाजून पंधरा मिनिटांनी नवरी अजून केस बांधत असते. अंतरपाट धरला जातो, मंगलाष्टकांना सुरुवात होते, आणि मग नात्यातल्या हौशी कवयित्री एकेक करून माईककडे सरकू लागतात. शार्दूलविक्रीडितात एकोणीस अक्षरांची ओळ बसवताना ज्यांनी वधूच्या आजोळच्या सर्वांची नावे गुंफलेली असतात, त्यांना दुसऱ्या कडव्यावर थांबवणे कोणत्याही नातेवाइकाला शक्य नाही. मी आदल्या संध्याकाळीच सर्वांना भेटून प्रत्येकी एकच कडवे घेते, क्रम लावते आणि त्याची प्रत गुरुजींकडे देते. एखाद्या मावशी तरीही दुसरे कडवे उचलतात, तेव्हा गुरुजी माझ्याकडे बघतात, मी साउंडवाल्याकडे बघते, आणि माईकमध्ये अचानक बिघाड होतो. मावशी पुढे कित्येक दिवस त्या साउंडवाल्याला नावे ठेवतात. त्याचीही हरकत नसते, कारण मावशी त्याला पुन्हा भेटणार नसतात.

सगळ्यांत जास्त वेळ खाते ते मानपान. बाहेरून पाहणाऱ्याला हे क्षुल्लक वाटते, पण ज्या माणसाने वर्षानुवर्षे एका घराशी नाते निभावले आहे त्याला ते सर्वांसमोर मान्य व्हावे असे वाटणे मला अजिबात क्षुल्लक वाटत नाही. नवरीला मंडपात मामाने आणायचे असते. दोन मामा असले आणि ते एकमेकांशी बोलत नसले, तर कोणता? हा प्रश्न मुलीची आई स्वतःच्या भावांना कसा विचारणार? मी दोघांना वेगवेगळे गाठून सांगते की प्रवेशाचे चित्रीकरण दोन्ही बाजूंनी व्हायचे आहे, छायाचित्रकाराने डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन मामा मागितले आहेत. छायाचित्रकाराला यातले काहीच ठाऊक नसते. कानपिळीसाठी नवरीचा सख्खा भाऊ नसला की तीन चुलत-मावस भावांतून एकाची निवड करावी लागते. तिथे मी वयाचा नियम पुढे करते आणि तो नियम गुरुजींचा आहे असे म्हणते. हॉटेलचे नियम, पोलिसांचे नियम, अग्निशामक दलाचे नियम, ड्रोनवाल्याच्या बॅटरीचे नियम असे असंख्य नियम मी आजवर तयार केले आहेत. घरच्या माणसाने ‘नको’ म्हटले की त्याचा अर्थ शोधला जातो. नियमाने ‘नको’ म्हटले की त्याला शिव्या देऊन माणसे पुढे जातात.

उष्ट्या हळदीचेही असेच. नवऱ्या मुलाला लागलेली हळद मुलीकडे जायची, मग मुलीची हळद. नवरा मुलगा एका वाड्यात आणि नवरी दुसऱ्या आळीत असे, तेव्हा हळद घेऊन येणाऱ्या बायकांची वाट पाहणे हाच एक सोहळा होता. आता दोन्ही घरे एकाच रिसॉर्टमध्ये, एक तळमजल्यावर आणि एक दुसऱ्या मजल्यावर उतरलेली असतात, मेकअपवाली सकाळी सातची वेळ देऊन बसलेली असते, आणि मुलाकडच्या ज्येष्ठ काकू स्नान-पूजा आटोपल्याशिवाय हळदीला हात लावणार नसतात. त्या काकूंना घाई करण्याचा अधिकार व्याह्यांना नाही, स्वतःच्या सुनेलाही नाही. तो फक्त मला आहे, कारण मी घाई केली तर ती माझी असभ्यता ठरते, मुलीकडच्यांची नव्हे.

जेवणाच्या बाबतीत मी कमी बोलेन. केटरर ‘पाने किती?’ असे विचारतो आणि मुलीचे वडील जो आकडा सांगतात तो नेहमी भीतीतून आलेला असतो. अन्न कमी पडण्याच्या भीतीने तो वाढतो, बिलाच्या भीतीने उतरतो. मसालेभात, अळूची भाजी, जिलेबी, मठ्ठा एवढ्यावर पूर्वी समाधान होते, आता त्याच्या शेजारी पास्ता आणि चाट यांची टेबले लागतात, आणि ज्या ज्येष्ठांनी पानावर बसून जेवण्याचा आग्रह धरलेला असतो तेच आधी चाटच्या टेबलापाशी दिसतात. वाढप्यांमध्ये बहुतेक मुले महाविद्यालयात शिकणारी, एका संध्याकाळच्या रोजावर आलेली असतात. त्यांना जेवायला बसवल्याशिवाय मी निघत नाही, आणि हे कराराच्या कागदावर लिहून घेते, कारण गर्दीत ते पहिल्यांदा विसरले जाते.

आदल्या दिवशीचे स्वागत समारंभाचे पाहुणे गेल्यावर मध्यरात्रीच्या सुमारास कार्यालय आमच्या ताब्यात येते आणि पहाटे गुरुजी पुण्याहवाचनाला येण्याआधी मंडप उभा असावा लागतो. मधल्या चार-पाच तासांत तिथे जी माणसे काम करतात ती कोणत्याही छायाचित्रात नसतात. बंगालहून आलेले फुलांचे कारागीर, बिहारचे मांडववाले, गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून झेंडू, शेवंती आणि गुलछडी घेऊन आलेला आमचा फुलवाला. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लग्न असेल तर मी गुलाबाचा विचार सोडून द्यायला सांगते. मावळातल्या पॉलिहाउसमधला चांगला गुलाब तेव्हा व्हॅलेंटाइन डेच्या बाजारासाठी परदेशी आणि दिल्ली-मुंबईला निघालेला असतो, आणि जो मागे राहतो त्याचा भाव ऐकून मुलीचे वडील पुन्हा एकदा माझ्याच हेतूवर शंका घेतात. त्या रात्रीच्या माणसांना नवरा-नवरीची नावेसुद्धा थर्मोकोलच्या अक्षरांवरून कळतात. मी स्वतःला परकी म्हणते खरी, पण त्यांच्यापुढे मी घरचीच ठरते.

रात्रीवरून आठवले. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. हा नियम माझ्या बनावट नियमांपैकी नाही, आणि माझ्या मते आमच्या व्यवसायावर याच्याइतके उपकार दुसऱ्या कशाने केलेले नाहीत. वरातीत नाचणाऱ्या मुलाच्या मित्रांना ‘आता पुरे’ असे मुलाचे वडील म्हणू शकत नाहीत, कारण त्यांनाही थोडे नाचायचे असते. मुलीचे वडील म्हणू शकत नाहीत, कारण ते मुलीचे वडील असतात. दहाच्या ठोक्याला डीजे बंद होतो, सर्वजण सरकारला चार शब्द सुनावतात आणि जेवायला जातात.

हे सरकारी परकेपण किती कामाचे असू शकते, ते 2021 साली दिसले. त्या वर्षी एप्रिलच्या उत्तरार्धात महाराष्ट्र शासनाने लग्नावर पंचवीस माणसांची आणि दोन तासांची मर्यादा घातली. मोडणाऱ्याला पन्नास हजारांचा दंड होता. आमचे काम जवळजवळ थांबले. मांडववाल्यांनी भाजी विकली, एका साउंडवाल्याने आपली यंत्रसामग्री विकली, आणि तो काळ मला कोणत्याही अर्थाने गोड वाटत नाही. पण त्या दिवसांत जी थोडी लग्ने मी पाहिली त्यांत मुलीच्या वडिलांच्या चेहऱ्यावर एक सैलपणा होता, जो मी एरवी क्वचितच पाहिला आहे. ज्यांना बोलावले नाही त्यांना फोन करून ते मनापासून हळहळत होते, आणि समोरचेही तितक्याच मनापासून समजून घेत होते. पंचविसांत कोण बसले आणि कोण नाही यावरून रुसवे झालेच नाहीत असे नाही, पण दोष घ्यायला शासन हजर होते. मला तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट कळले की एरवी हे काम आम्ही करतो.

कायद्याच्या दृष्टीने लग्न नेमके कोणत्या क्षणी होते, हे फार थोड्या पाहुण्यांना माहीत असते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे, जिथे विधींत सप्तपदी आहे तिथे अग्नीसमोरचे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हेच पुन्हा सांगितले. हिंदू विवाह हा गाण्या-नाचण्याचा आणि खाण्यापिण्याचा प्रसंग नव्हे, विधी झालेले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या प्रमाणपत्राने तो होत नाही, असा त्याचा आशय होता. आमच्या व्यवसायातल्या अनेकांनी ती बातमी एकमेकांना पाठवली, अर्थात गमतीने, कारण गाणे-नाचणे आणि खाणेपिणे यांवरच आमची बिले निघतात. मला त्यात वेगळेच दिसले. ‘शुभमंगल सावधान’ झाले, हार पडले, अक्षता उडाल्या, की मंडप रिकामा होतो. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी हे सर्व पुढे तासभर चालते आणि त्या वेळी शेकडो पाहुणे जेवणाच्या रांगेत उभे असतात. सातवे पाऊल पडताना समोर असतात गुरुजी, दोन्हीकडचे आईवडील, एखादी अवघडून बसलेली आजी, आणि बाकी सगळे आम्ही परके: कॅमेरावाला, हवनाच्या धुरावर लक्ष ठेवणारा कार्यालयाचा माणूस, मी. नोंदणीच्या अर्जावर गुरुजींची सही लागते आणि तीन साक्षीदार लागतात, ते नात्यातले असतात; त्यांतले निदान एकजण त्या क्षणी जिलेबी खात असतात. म्हणून माझ्या तक्त्यात सप्तपदीच्या वेळी दुसरे काहीही ठेवलेले नसते. फोटोसाठी दोन पावले पुन्हा टाकायला सांगणाऱ्या छायाचित्रकारांना मी आधीच ताकीद देते.

मुहूर्त, गुरुजी आणि होम नसलेली लग्नेही मी केली आहेत. जोतीराव फुल्यांनी सप्टेंबर 1873 मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला भटजीशिवाय पहिला सत्यशोधक विवाह लावला. त्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, वचन मागतात आणि देतात. आजही त्या पद्धतीने लग्न करणारी मुले-मुली येतात, आणि त्या लग्नांत शब्द सर्वांना समजत असल्यामुळे पाहुणे शेवटपर्यंत बसून ऐकतात, असे मी पाहिले आहे. मात्र तिथे माझे काम हलके होईल हा अंदाज चुकीचा ठरतो. पंचांगाने दिलेले मिनिट नसले की पत्रिकेवरच्या साडेअकराला कोणी साडेअकरा समजत नाही. विशेष विवाह कायद्याखाली नोटिशीचे तीस दिवस पाळून आलेले जोडपे स्वतः वेळेवर सजून बसलेले असते आणि त्यांचेच काका पार्किंगमध्ये गप्पा मारत असतात. ग्रहांचा धाक नसताना माणसांना खुर्चीवर बसवायचे, तर तो धाक मलाच व्हावे लागते.

या परकेपणाची किंमत नाही असे नाही. शेवटचा हप्ता हळदीपूर्वी घ्यावा, हे या व्यवसायात सर्वजण शिकतात, कारण पाठवणी झाल्यावर घराचे मन आणि हिशेब दोन्ही हलके राहत नाहीत. दिवसभर ‘मॅडम’ म्हणून हाका मारणाऱ्या घरातून पुढे सहसा फोन येत नाही. वर्षभराने रस्त्यात भेट झाली तर नवरी ओळखते, तिची आई जरा विचार करून ओळखते. हे मला आता खटकत नाही. ज्या माणसाच्या डोक्यावर दोन घरांचे राग ठेवलेले असतात त्याला पुन्हा बारशाला बोलावण्यात अर्थ नसतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीचे लग्न ठरले, तेव्हा भावाने साहजिकच मला गृहीत धरले. मी नाही म्हणाले. त्याला ते लागले, वहिनीला जास्त लागले. त्या घरात मी आत्या आहे. तिथे मी कोणता नियम सांगणार आणि तो कोण खरा मानणार? नाशिकचा एक तरुण, जो माझ्याकडेच हे काम शिकला, त्याच्याकडे मी ते कार्य सोपवले आणि स्वतः आत्याची पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसले. त्याने सर्व नीट केले. दोन काकांना त्याने हॉटेलचा एक नियम सांगितला, तो माझ्याच यादीतला होता. मुहूर्त साधला, सप्तपदीला मंडपात शांतता होती, वाढपी वेळेवर जेवले. मठ्ठा मात्र पुरेसा गार नव्हता, आणि हे मी स्वयंपाकघरापर्यंत जाऊन त्याला दोनदा सुनावून आले.